एकदाच वाजणारा भोंगा

आमच्या सरांना ‘काय म्हणालात, सर?’ असं विचारायची सोय नव्हती. विचारलंत की ते डोळे मिटून घेत. रागानं नव्हे, दुपारी दुकानदार फळ्या लावून घेतो तसे. मग तुम्ही हात जोडा, पाया पडा, प्राचार्यांना घेऊन या. जे सांगायचं ते सांगून झालेलं असे. एक गोष्ट दोनदा सांगणं म्हणजे त्यांच्या लेखी नळ उघडा टाकून गावाला जाणं.

महाडच्या एका खाजगी तंत्रनिकेतनात मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळा सांभाळत होते. नऊ वर्षं. रोज पोलादपूरहून एस.टी.नं जायचं, संध्याकाळी परत. आणि मी कशी, तर जन्माची बडबडी. माझ्या सासूबाई म्हणतात, हिला गप्प करायचं तर तोंडात लाडू कोंबावा लागतो, आणि तो संपला की ही पुन्हा सुरू. असल्या बाईची गाठ देवानं नेमकी या माणसाशी घालून दिली. कर्म माझं, दुसरं काय!

सरांच्या खोलीत दिवा लावलेला नसे. पावसाळ्यात महाडला दुपारी तीनलाच अंधारून येतं. आपण रजिस्टर शोधायला आत जावं, चाचपडत कपाटाला हात लावावा, आणि अगदी कानाशी आवाज यावा, “डावीकडे.” पहिल्यांदा मी अशी किंचाळले की शेजारच्या वर्गातला तास थांबला.

“अहो सर, दिवा तरी लावत जा!”

“कुठे काय आहे ते मला माहीत आहे,” ते म्हणाले. तेही एकदाच.

त्यांच्या झोपेचं तर विचारूच नका. खुर्चीत ताठ बसलेले असत आणि बोलता बोलता डोळे मिटत. बरोब्बर अकरा मिनिटांनी उघडत. घड्याळ नाही, गजर नाही. आधी अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे चालू. मी पाळत ठेवून वेळ लावली होती, अकरा म्हणजे अकरा. त्या वेळात श्वास चाललाय की नाही ते कळत नसे. एकदा आमचा शिपाई घाबरला आणि नाकाशी सूत धरून बघायला गेला. सर डोळे न उघडता म्हणाले, “अजून चार मिनिटं.” त्या दिवसापासून तो शिपाई त्यांच्या खोलीत एकटा गेला नाही.

ही अकरा मिनिटं कुठून आली ते मला पुढे कळलं. सर डबे बनवत होते.

पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या अंगाला, गाडीरस्ता सोडून अर्धा तास चढलं की डोंगराच्या खांद्यावर एक वाडी होती. सोळा घरं. उतारावर नाचणी-वरी, गुरं, शेरडं. तरणी माणसं सगळी मुंबईला. वाडीच्या डोक्यावर डोंगराला भेग पडली होती. एका पावसाळ्यात बोट जाईल एवढी होती, पुढच्या पावसाळ्यात हात जाईल एवढी झाली. डोंगर सुटलाच तर वाडीतल्या माणसांना पळायला वेळ मिळावा, एवढ्यासाठी सरांचा सगळा खटाटोप होता.

डबा म्हणजे जाड पाइपचा वीतभर तुकडा, दोन्ही तोंडांना बुचं, आत दोन सेल आणि जमीन किती कलली हे मोजणारी नखाएवढी चिप. असे बारा डबे भेगेच्या कडेनं, वरचं टोक मातीबाहेर ठेवून पुरले. तारा नाहीत, काही नाही. वरच्या डब्यानं खालच्याला कळवायचं, त्यानं त्याच्या खालच्याला, शेवटी वाडीतल्या देवळाजवळच्या खांबावर एक मोठा डबा होता त्याला. आणि त्या मोठ्या डब्यानं सगळं पोलादपूरला पोचवायचं, माझ्या घरी ठेवलेल्या यंत्रावर, अँटेना गच्चीवर. आमच्या गच्चीवरून तो डोंगर सरळ समोर दिसतो. दिसतो म्हणजे, धुकं नसेल तेव्हा.

अडचण होती विजेची. पावसाळा सुरू झाला की तिथं चार महिने ऊन म्हणून पडत नाही. सौरपत्रा लावून काय त्याला हळदकुंकू वाहायचं? दोन सेलवर दिवाळीपर्यंत तग धरायचा, तर डब्याला झोपवायला हवं. अकरा मिनिटं झोप, क्षणभर जाग, ‘मी आहे’ एवढा एक संदेश, पुन्हा झोप.

“बोलण्यात जीव जातो,” सर म्हणाले होते. “आणि बाई, कुणीतरी बोलेल म्हणून ऐकत बसण्यातही तेवढाच जातो. म्हणून सगळ्यांनी एकाच क्षणी उठायचं. सांगायचं. झोपायचं.”

माझ्या ऐकण्यातलं त्यांचं हे सर्वांत लांब भाषण. डबा जसा जगणार तसं हा माणूस आधी स्वतः जगून बघत होता. दोन वर्षं! बायको असती तर पहिल्याच महिन्यात माहेरी गेली असती. पण सर सडेफटिंग, दासगावला भावाच्या घरी एक खोली, बस्स.

खांबावर एक भोंगा होता, वेळ पडली तर माझ्या घरच्या यंत्रावरूनही वाजवता येणारा. डबे कलले की तो आपोआप वाजणार, मग वाडीनं उठून पायथ्याच्या शाळेत यायचं, आणि शाळेजवळच्या वळणावर रेंज मिळते तिथून मला मिस कॉल द्यायचा. भोंगा मात्र बॅटरी फार खातो, आणि मोठा डबाही त्याच बॅटरीवर चाललेला. सरांनी गणित मांडलं आणि ठरवलं की भोंगा एकदाच वाजेल. मिनिटभर. मलाही ते पटलं होतं. त्या आवाजानं मेलेलासुद्धा उठून बसला असता.

भोंगा बसवला त्या दिवशी सगळी वाडी देवळापुढे जमली. सर म्हणाले, “भोंगा एकदा वाजेल. वाजला की निघायचं.” झालं भाषण. मागच्या बायांना ऐकू गेलं नाही, त्यांनी मला खुणावलं. मी म्हटलं, “सर, जरा पुन्हा सांगता?” सरांनी डोळे मिटून घेतले. अख्ख्या वाडीसमोर! कुणीतरी म्हातारा हसत म्हणाला, “बाईंची बत्ती गुल झाली रे!” आणि सगळे हसले. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू.

वाडीतल्या अगदी वरच्या घरात काकू राहायच्या. त्या आणि त्यांचा दादा, म्हणजे त्यांचा नवरा, सारी वाडी त्याला दादाच म्हणायची. मी फणफणत त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसले. काकूंनी गुळाचा कोरा चहा दिला. दादा आणि सर बाहेर होते.

“गो बाय, भोंगा एकदाच वाजनार?” काकूंनी विचारलं.

“हो.”

“मंग कोन उठनार नाय.”

“का?”

“धुक्यात एका हाकेला आमी ओ देत नाय. मानूस आसल तर तीनदा हाक मारील. एकदाच मारतो तो मानूस नसतो.”

“मग कोण असतो?”

काकूंनी चुलीत लाकूड सारलं. “ते ओ दिल्यावर कळतां. मंग सांगाया कोन ऱ्हातो? माझ्या दिरान दिली एकदा. उठला नि धुक्यातना चालत गेला. अजून यायचा हाय.”

मी हसले. “काकू, भोंगा आहे हो तो, भूत नाही.”

“भोंग्याला तोंड हाय ना?” काकू म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. “तुज्या सरांना सांग. तीनदा वाजवा म्हनाव.”

“सांगते,” मी म्हटलं.

उतरताना धुकं इतकं होतं की चार पावलांवरचे सर दिसत नव्हते, नुसती चाहूल. मी मागून धुमसत चाललेली. मनात म्हटलं, मला चारचौघांत गप्प बसवता काय? आता विचारलंत तरच सांगेन. सर कुणाला कधी काही विचारत नसत हे मला नऊ वर्षांत कळलं नव्हतं थोडंच! गाडीरस्त्याला लागलो, एस.टी. आली, आणि ते राहूनच गेलं. आयुष्यभर नको ते बडबडले आणि नेमकं तेव्हाच गप्प बसायला सुचलं.

पावसाळा लागला तसे सर रजा टाकून आमच्या माडीवरच्या खोलीत येऊन राहिले, गच्चीला लागून. टेबलावर ते यंत्र. डब्याचा संदेश आला की त्यावर हिरवा दिवा क्षणभर लुकलुके. मी चहा घेऊन जायची तर सर अंधारात ताठ बसलेले, डोळे मिटलेले, आणि दिवा लुकलुकला की डोळे उघडायचे. दिव्याच्या आधी की नंतर, ते काही मला कधी सांगता आलं नाही. सासूबाई जिन्याच्या चौथ्या पायरीच्या वर जाईनात.

“तुझा पाहुणा जिवंत आहे ना गं?” त्या खालून विचारायच्या.

“आहे!”

“नीट बघितलंस?”

श्रावणातली रविवारची दुपार होती, तीन वाजून गेले असतील. सकाळपासून पाऊस कमी होता पण धुकं एवढं की समोरचा डोंगर तर सोडाच, आमच्या गच्चीचा कठडाही दिसत नव्हता. मी चहा घेऊन वर गेले तर यंत्रावर लाल दिवा लागलेला. सात नंबरचा डबा कलला होता. बघता बघता आठ कलला. मग सहा. मग पडद्यावर ओळ उमटली की भोंगा वाजला.

सर उभे राहिले. मी हातात फोन धरून बसले. वाडीतून शाळेत उतरायला पंधरा मिनिटं लागतात. पाच मिनिटं गेली. दहा. पंधरा. वीस. फोन गप्प.

“का येत नाहीत?” सर म्हणाले. मला नव्हे, यंत्राला.

आता खरं सांगते. काकूंची चूल मला पाचव्याच मिनिटाला आठवली होती. ते लाकूड, तो कोरा चहा, ‘तीनदा वाजवा म्हनाव’, सगळं. पण आता सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं तेही सांगायचं. येतील, आत्ता येतील, एवढं मोठं बोंबलल्यावर कोण घरात बसेल, असं म्हणत मी फोनकडे बघत बसले. माणूस किती हलकट असू शकतो ते मला त्या वेळी कळलं. पंचविसाव्या मिनिटाला माझ्या तोंडून फुटलं.

“सर, ते एका हाकेला उठत नाहीत. तीन लागतात. काकूंनी मला सांगितलं होतं.”

सरांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघितलं. मग बसले आणि यंत्रावर बोटं चालवली. भोंगा दुसऱ्यांदा वाजला. थोडं थांबून तिसऱ्यांदा. मी बाजूला उभी होते आणि हा माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत होता. तिसऱ्या भोंग्यानंतर खांबावरची बॅटरी संपली, मोठा डबा मेला, आणि यंत्रावरचे सगळे दिवे विझले. आता वर काय चाललंय ते कळायला कसलाच मार्ग नव्हता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. फोन वाजला. मिस कॉल नव्हता, वाडीतला एक जण बोलत होता.

“आलो. समदे आलो. दादा तेवढा नाय. गुरां सोडाया वरच्या गोठ्यात गेला.”

त्याच्या मागे बायकापोरांचा, शेरडांचा गलका ऐकू येत होता. आणि मग एकदम तो गलका थांबला. सगळ्यांनी एकाच वेळी श्वास आत घ्यावा तसा.

“गेली,” तो माणूस म्हणाला. “वाडी गेली.”

तिसऱ्या भोंग्याला दादा घरातून निघाला, दावी सोडायला वर धावला. मी पाचव्या मिनिटालाच बोलले असते आणि तिन्ही भोंगे तेव्हाच वाजले असते, तर गुरं सोडून तो सहज खाली आला असता. मी गप्प बसले ती वीस मिनिटं त्याची होती.

तिसऱ्या दिवशी यंत्रावर दिवा लुकलुकला. मी तिथेच होते. सात नंबर. ‘मी आहे.’

सर खुर्चीवरून उठले आणि भिंतीला टेकले. “हे व्हायला नको,” म्हणाले. मोठा डबा मेलेला, खांबासकट गाडला गेलेला. सातचा संदेश पोलादपूरपर्यंत आणणारं वर कुणी उरलंच नव्हतं. शिवाय ओल्या मातीखालून हाताभराच्या पलीकडेही ही रेडिओलहर जात नाही, हे मी स्वतः पोरांना शिकवत होते. अकरा मिनिटांनी पुन्हा दिवा. पुन्हा सात. सोबत जमिनीचा कल यायचा. चार अंश. मग सहा. मग परत चार.

“कूस बदलतोय,” माझ्या तोंडून गेलं. आणि मी जीभ चावली.

सर अँटेना हातात धरून दोन दिवस त्या चिखलावर फिरले. जवळ गेलं की आवाज मोठा यायला हवा, लांब गेलं की बारीक. कुठेही उभे राहिले तरी तेवढाच. खणणाऱ्यांनी त्यांच्या सांगण्यावरून दोन जागी खणलं. ना डबा मिळाला, ना दादा.

दहाव्या दिवशी काकू आमच्याकडे आल्या. जिना चढून सरळ वर आल्या आणि यंत्रासमोर खाली बसल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. दिवा लुकलुकला.

“ह्यो काय बोलतो?”

“आहे म्हणतो,” सर म्हणाले.

“कोन?”

“सात नंबर.”

काकूंनी मान हलवली, जणू नाव ओळखीचं आहे. मग सरांकडे बघून म्हणाल्या, “तुमाला कोनी सांगतला नव्हता का, आमी एका हाकेला उठत नाय म्हनून?”

मी दाराशी उभी होते. माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी खाली ठेवला. आता सर सांगणार, माझ्याकडे बोट करणार, आणि ते बरोबरच होतं.

“सांगितलं होतं,” सर म्हणाले. “बाईंनी त्याच दिवशी सांगितलं. मी ऐकलं नाही.”

काकू माझ्याकडे वळल्या. “सांगितलंस ना गो तू?”

“सांगितलं,” मी म्हणाले.

“मंग झाला,” काकू म्हणाल्या. उठल्या, माझ्या गालावरून हात फिरवला, आणि गेल्या.

ती गोष्ट महिन्याभरात सगळीकडे झाली. म्हातारीनं धडधडीत सांगितलं होतं आणि शहाण्या सरानं अडाणी समजून कानाआड केलं, अशी. वाडीची माणसं आता पोलादपूरजवळ पत्र्याच्या घरांत राहतात. त्यांनी सरांना तिथं पाय ठेवू दिला नाही. पुढच्या वर्षी तंत्रनिकेतनानं त्यांना नमस्कार केला. ते दासगावला भावाकडे गेले, यंत्र घेऊन. मी एकदाच भेटायला गेले. खोलीत अंधार होता. मी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, “सर, तुम्ही खोटं का बोललात?”

“तुम्हाला इथेच राहायचं आहे,” आतून आवाज आला.

मी रडले. थोडा वेळ उभी राहिले. त्यांच्यामागे टेबलावर हिरवा ठिपका लुकलुकला तेवढा दिसला. दोन सेलचा डबा होता तो, दिवाळीपर्यंतचा. दिवाळी कधीच होऊन गेली होती.

सर या उन्हाळ्यात गेले. झोपेत, खुर्चीत ताठ बसलेले. भाऊ सांगत होता की दुपारपर्यंत कुणाला शंकासुद्धा आली नाही. दिवसांना मी गेले होते. परत येताना महाडच्या स्टँडवर दोघे जण बोलत होते, “गेला म्हणे तो भोंगेवाला सर. म्हातारीचं ऐकलं असतं तर दादा वाचला असता.” मी शेजारी चहा पीत होते. मी चहा संपवला आणि एस.टी.त बसले. जिला लाडू कोंबून गप्प करावं लागतं तीच मी, आणि त्या दोघांना एक शब्द बोलले नाही.

काकू दर बाजाराला पोलादपूरला येतात आणि माझ्याकडे येऊन बसतात. मला लेक म्हणतात. येताना पत्र्याच्या घरामागे लावलेल्या भेंड्या आणतात, पदरात बांधून, आणि सासूबाईंना सांगतात, “तुमची सून लाखात एक. तिनं सांगतलान होता, त्यानच ऐकलान नाय.” सासूबाई कौतुकानं माझ्याकडे बघतात.

काकूंना वाचता येत नाही. येत्या बाजाराला त्या आल्या की मी हे सगळं त्यांना वाचून दाखवणार आहे. चहा आधी देईन. नंतर माझ्या हातचा त्या घेतील असं वाटत नाही.